यंत्र घरात येते, सोय येतेच असे नाही

जनगणनेचा प्रगणक घरोघरी जातो तेव्हा माणसांबरोबर वस्तूंचीही नोंद घेतो. २०११ च्या जनगणनेत त्याच्या यादीत रेडिओ, टीव्ही, संगणक, इंटरनेट, फोन, सायकल, दुचाकी आणि मोटार होती. २०२७ च्या जनगणनेसाठी घरयादीचे जे प्रश्न ठरले आहेत, त्यांतही किरकोळ फरकाने हीच नावे आहेत. या यादीत फ्रिज नाही, वॉशिंग मशीन नाही, मिक्सर नाही. बातमी, करमणूक आणि प्रवास यांची साधने देश मोजतो. दळणे, वाटणे, धुणे आणि टिकवणे यांची साधने मोजत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी फ्रिज, वॉशिंग मशीन, प्रेशर कुकर आणि शिलाई मशीनसुद्धा विचारते, पण ती नमुना पाहणी आहे. जनगणनेसारखी प्रत्येक उंबरठ्यावर पोचत नाही. यादीतली ही उणीव भरून काढायला हवी, यात शंका नाही. पण नुसती यादी वाढवून भागणार नाही. घरात यंत्र आले की सोय आली, हे आपले गृहीतकच तपासायला हवे. यंत्राच्या मागे पाणी लागते, अखंड वीज लागते, जागा लागते, भिंतीवर आणि छतावर हक्क लागतो, आणि घरातल्या कामाची वाटणीही लागते. या गोष्टी दुकानात मिळत नाहीत. देशाच्या तंत्रज्ञानाची राजधानी म्हणवणाऱ्या बेंगळुरूत हे जितके स्वच्छ दिसते, तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

आधी देशाचे आकडे पाहू. २००१ मध्ये ३१.६ टक्के कुटुंबांकडे टीव्ही होता, २०११ मध्ये ४७.२ टक्के. फोन असलेली कुटुंबे त्याच दहा वर्षांत ९.१ टक्क्यांवरून ६३.२ टक्क्यांवर गेली. रेडिओ मात्र ३५.१ टक्क्यांवरून १९.९ टक्क्यांवर घसरला, म्हणजे वस्तू घरात येतात तशा घराबाहेरही पडतात. पुढे २०१९ ते २०२१ या काळातल्या कुटुंब आरोग्य पाहणीत मोबाइल असलेली कुटुंबे सुमारे ९३ टक्के निघाली, टीव्ही असलेली सुमारे ६८ टक्के. त्याच पाहणीत फ्रिज मात्र सुमारे ३८ टक्के घरांत होता आणि वॉशिंग मशीन अवघ्या १८ टक्क्यांच्या आसपास. फ्रिज आपल्याकडे नवा नाही. गोदरेजने पहिला भारतीय फ्रिज १९५८ साली बनवला. मोबाइल सेवा आली १९९५ मध्ये. सुमारे चार दशके उशिरा आलेली वस्तू जवळजवळ प्रत्येक घरात पोचली आणि आधीची वस्तू अजून निम्म्या घरांतही नाही. असे का झाले, या प्रश्नाच्या उत्तरातच या लेखाचे सगळे म्हणणे आहे.

पहिले उत्तर किमतीचे. स्वस्त फोन हजार-दोन हजारांत मिळतो, फ्रिजला त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. दुचाकी फ्रिजपेक्षा बरीच महाग असते, तरी त्याच पाहणीत निम्म्याच्या आसपास कुटुंबांकडे दुचाकी आढळली, म्हणजे फ्रिजपेक्षा जास्त. फरक वस्तूच्या गरजांत आहे. मोबाइलला घराकडून जवळजवळ काही लागत नाही. दिवसातून दोन तास वीज असली तरी तो चार्ज होतो, नसली तर शेजारी किंवा कामाच्या ठिकाणी होतो. त्याचे जाळे कंपनीने मनोऱ्यांवर उभे केलेले असते, रिचार्ज छोट्या रकमेचे मिळते, आणि घर बदलले तर तो खिशातून सोबत येतो. दुचाकीला पेट्रोल पंप आणि रस्ता लागतो, ते दोन्ही घराबाहेर तयार असतात. फ्रिजला मात्र चोवीस तास वीज लागते आणि दाटीच्या खोलीत हक्काचा कोपरा लागतो. वॉशिंग मशीनची मागणी त्याहून मोठी: वीज, दाबाने वाहणारा नळ, मोरी किंवा सांडपाण्याची वाट, आणि पावसापाण्यापासून आडोसा. या चारांपैकी एक जरी नसेल तरी मशीन अर्धवट चालते किंवा चालतच नाही. म्हणजे वस्तूंचे दोन वर्ग पडतात. काही वस्तू आपले जाळे बरोबर घेऊन येतात, आणि काहींना ते घराने, गल्लीने आणि नगरपालिकेने आधी पुरवावे लागते. पहिल्या वर्गाची वाढ बाजार घडवू शकतो. दुसऱ्या वर्गाची वाढ बाजाराच्या एकट्याच्या हातात कधीच नव्हती.

बेंगळुरूचा इतिहासही हेच सांगतो. कावेरीवरच्या शिवनसमुद्र इथल्या जलविद्युत केंद्रातून १९०२ साली वीज निघाली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. सुमारे दीडशे किलोमीटर लांबीची ती वाहिनी तेव्हाच्या जगातल्या सर्वांत लांब वाहिन्यांपैकी एक होती. ५ ऑगस्ट १९०५ रोजी त्याच विजेवर बेंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले. आधी खाण, मग रस्ता आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी सामान्यांचे घर, असा हा क्रम होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे हे शहर विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखानदार झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने १९४६ मध्ये इथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी उभारली आणि मराठी उद्योजकतेचे नाव या शहराच्या विजेच्या मोटरींवर आणि जनित्रांवर कोरले गेले. १९४८ मध्ये टेलिफोन बनवणारी आयटीआय आली, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स. पण शहरात टेलिफोन बनत होते म्हणून शहरातल्या घरांत फोन लागले असे झाले नाही. नंबर लागायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, कारण उपकरण तयार असले तरी एक्स्चेंज आणि तारा तयार नसत. बेंगळुरूला दूरदर्शन केंद्र १९८१ मध्ये मिळाले, आणि टीव्ही विकत घेण्याला अर्थ आला तो त्यानंतर. कारखाना शेजारी असणे आणि वस्तू घरात उपयोगी पडणे या दोन गोष्टींमध्ये दर वेळी एक सार्वजनिक जाळे उभे राहावे लागले आहे.

आज ते जाळे पाण्याचे आहे. बेंगळुरूच्या पोटात मोठी नदी नाही. पिण्याचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून कावेरीतून आणावे लागते, आणि शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर वसलेले असल्याने ते शेकडो मीटर उंच चढवावे लागते. २००७ मध्ये शहराच्या हद्दीत आलेल्या ११० गावांपैकी बहुतेकांना ही नळयोजना कित्येक वर्षे नीट मिळाली नाही. तिथे मोठमोठे गृहप्रकल्प उभे राहिले ते बोअरवेल आणि टँकरच्या भरवशावर. २०२४ च्या उन्हाळ्यात हा भरवसा तुटला. शहरातल्या सुमारे १४,००० सरकारी बोअरवेलपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचे राज्य सरकारनेच सांगितले. पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुण्यास, बागेला आणि कारंज्यांना वापरण्यावर बंदी घालून पाच हजार रुपये दंड ठेवला, आणि टँकरचे दर प्रशासनाला बांधून द्यावे लागले. त्या वर्षीच्या संकटात एक गोष्ट उघडी पडली. ज्या घरांत वॉशिंग मशीन, डिशवॉशर, पाणी शुद्ध करणारे यंत्र, सगळे काही होते, त्या घरांतल्या यंत्रांची किंमत टँकर कधी येतो यावर ठरत होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. त्यातून दिवसाला ७७.५ कोटी लिटर जादा पाणी या ११० गावांच्या पट्ट्यासाठी आणायचे आहे. त्या भागातल्या घरांची सोय कोणत्याही नव्या मॉडेलपेक्षा या जलवाहिनीने अधिक वाढेल, असे मला ठामपणे वाटते.

पाण्याविना मशीन म्हणजे काय, हे जवळून पाहायला हवे. जुन्या बेंगळुरूत समाईक अंगणाभोवती ओळीने खोल्या असलेली वठारे अजून आहेत, आणि त्यांची जागा घेणाऱ्या तीन-चार मजली इमारतींत एक-दोन खोल्यांची भाड्याची घरे आहेत. अशा घरात सहसा दिसते ते दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक मशीन. कावेरीचे पाणी एक दिवसाआड येते, जमिनीखालच्या टाकीत साठते आणि मोटर लावून वर चढवले जाते. नळाला दाब नसला की धुण्याचा टब बादलीने किंवा नळीने भरावा लागतो. साबणाचे पाणी फिरते, कपडे धुतले जातात, मग नळी मोरीत सोडून टब रिकामा करायचा, स्वच्छ पाणी पुन्हा भरायचे, खळबळायचे, पुन्हा सोडायचे, ओले जड कपडे उचलून पिळण्याच्या टबात नीट लावायचे, वरची चकती बसवायची. पहिल्या धुण्याचे पाणी फेकून न देता दुसऱ्या घाण्याला किंवा जिना धुवायला राखून ठेवायचे. घासणे आणि पिळणे यंत्राने उचलले, पण उभे राहणे, भरणे, उपसणे आणि लक्ष ठेवणे बाईच्या अंगावर राहिले. पूर्ण स्वयंचलित मशीन यातून सुटका करते, पण त्याला छतावरच्या टाकीतून येणारा दाब लागतो, आणि वरून कपडे टाकायच्या प्रकाराला एका धुण्याला शंभर लिटरच्या पुढे पाणी लागू शकते. समोरून दार असलेले मशीन त्याच्या निम्म्याने पाणी घेते, पण त्याची किंमत बरीच चढी असते. म्हणजे ज्याला पाण्याची ओढ जास्त, त्यालाच जास्त पाणी पिणारे यंत्र परवडते. पाहणीच्या कागदावर या सगळ्या घरांपुढे एकसारखीच खूण होते: वॉशिंग मशीन, आहे.

दुसरी अट घरावरच्या हक्काची. बेंगळुरू हे बाहेरून आलेल्या माणसांचे शहर आहे, पुणे, सोलापूर, बेळगाव, नागपूरहून गेलेली मराठी मुलेमुली त्यांत पुष्कळ आहेत, आणि यांतला मोठा वर्ग भाड्याने राहतो. इथे घरभाड्याच्या दहा पट अनामत मागण्याची रीत रूढ होती. घरात शिरण्यापूर्वीच एवढी रक्कम अडकली की यंत्रांसाठी हात आखडणारच. वर दर वर्ष-दोन वर्षांनी घर बदलायचे असेल तर फ्रिज आणि मशीन ओझे वाटू लागते. याच गरजेतून गेल्या दशकात फर्लेन्को आणि रेंटोमोजोसारख्या भाड्याने सामान देणाऱ्या कंपन्या याच शहरात उभ्या राहिल्या. महिन्याचे भाडे भरा, फ्रिज वापरा, शहर सोडताना परत करा, अशी ही पद्धत. पगारदार तरुणाला ती सोयीची आहे. पण जी वस्तू भिंतीत किंवा छतावर बसवावी लागते तिचे काय? सौरबंबाचे उदाहरण घ्या. बेंगळुरूची हवा, राज्याने २००७ मध्ये नव्या इमारतींसाठी केलेली सक्ती आणि वीजबिलातली सवलत या तिन्हींमुळे इथल्या गच्च्यांवर सौरबंब जितके दिसतात तितके देशातल्या फार थोड्या शहरांत दिसतील. सार्वजनिक नियमाने एखादे उपकरण कसे रुजते याचा हा उत्तम दाखला आहे. मात्र गच्ची घरमालकाची असते. भाडेकरूला त्याच इमारतीत तळमजल्यावर विजेचा गिझर किंवा पाणी तापवायची कांडी लावून आंघोळ करावी लागते आणि बिलही स्वतःच भरावे लागते. उपकरण परवडत असूनही हक्क नसल्यामुळे ते मिळत नाही, ही वंचना मालकीच्या कोणत्याही आकड्यात उमटत नाही.

मालकी वाढली म्हणजे सोय वाढली असे नाही, तसेच मालकी घटली म्हणजे सोय घटली असेही नाही. दक्षिणेतल्या घराची खूण म्हणजे इडली-डोशाचे पीठ वाटणारा दगडी ग्राइंडर. विजेवर चालणारे हे यंत्र १९५५ च्या सुमारास कोइमतूरला आकाराला आले, आणि हाताने रुब्बू म्हणजे वाटण्याचा दगड फिरवण्याच्या तास-दीड तासाच्या कष्टातून त्याने लाखो स्त्रियांना सोडवले. तरी तांदूळ-उडीद भिजवणे, पाणी शिंपडत वाटणे आणि शेवटी जड दगड उचलून धुणे उरलेच. २००५ मध्ये पी. सी. मुस्तफा आणि त्यांच्या चुलतभावांनी बेंगळुरूच्या तिप्पसंद्र भागात एका छोट्याशा जागेत पीठ वाटून पिशव्यांतून विकायला सुरुवात केली. त्यातून आयडी फ्रेश फूड ही मोठी कंपनी झाली. आज अनेक नोकरदार घरांत ग्राइंडर नसतो, पण सकाळी डोसा होतो. यंत्र घरातून निघून कारखान्यात गेले, घरात फ्रिज मात्र अपरिहार्य झाला, कारण आंबलेले पीठ टिकवायचे असते. मालकीच्या तक्त्यात हे कुटुंब एका वस्तूने मागे पडलेले दिसेल, प्रत्यक्षात त्याचा एक तास वाचला आहे. म्हणून मोजायचे असेल तर वस्तूपेक्षा तिच्यातून मिळणारी सेवा मोजायला हवी: कपडे धुऊन मिळतात का, अन्न टिकते का, गरम पाणी मिळते का, आणि त्यासाठी कोणाचा किती वेळ जातो.

वेळेचा हिशेब आपल्याकडे आता उपलब्ध आहे, आणि तो डोळे उघडणारा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८. या पाच वर्षांत घराघरांत गॅस, मिक्सर, फ्रिज, मशीन यांची भर पडतच होती, तरी स्त्रीचे काम दहा मिनिटांनी कमी झाले आणि पुरुषाचेही जवळजवळ तेवढेच. घरकामाला हातच न लावणाऱ्या पुरुषांचे प्रमाण तर दोन्ही वेळा सत्तर टक्क्यांच्या वर होते. अमेरिकेच्या घरांचा अभ्यास करून इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले होते की यंत्रे आली तेव्हा एकेका कामाचे कष्ट घटले, पण स्वच्छतेची आणि जेवणाची अपेक्षा वाढली, आणि पूर्वी जी कामे पुरुष, मुले किंवा धोबी करत ती एकट्या गृहिणीकडे आली. मशीन आले की कपडे एक दिवसाच्या वापरानंतर धुवायला पडू लागतात, हे आपल्याकडचेही चित्र आहे. फोनचेही तसेच. कुटुंब आरोग्य पाहणीत मोबाइल ९३ टक्के घरांत होता, पण स्वतःच्या वापराचा फोन असलेल्या स्त्रिया त्याच पाहणीत ५४ टक्केच निघाल्या. घराकडे वस्तू असणे आणि घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला ती येणे यांत एवढे अंतर आहे. कुटुंब हे एकक धरून मोजले की हे अंतर झाकले जाते.

यावर पहिला आक्षेप बाजाराच्या बाजूने येईल. उत्पन्न वाढते आहे, किमती उतरत आहेत, हप्त्याने सगळे मिळते. थोडा धीर धरा, फ्रिजही मोबाइलसारखाच पोचेल. यात तथ्य आहे. हप्त्यांनी मध्यमवर्गाच्या खालच्या थरापर्यंत यंत्रे नेली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हप्ता वस्तूची किंमत वाटून देतो, जाळ्याची नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते कुठल्या तरी रूपाने ग्राहकाकडून वसूल होतेच. ज्या घरात पाणी एक दिवसाआड येते, तिथे हप्त्यावर घेतलेले मशीन हप्ता मागते पूर्ण आणि काम देते अर्धे. बाजार दुकानापर्यंतचा रस्ता छोटा करतो, नळापर्यंतचा नाही. तो नगरपालिकेनेच करायचा असतो, आणि त्यासाठी नागरिकांनी तिच्याकडे तगादा लावायचा असतो.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. प्रत्येक घरात फ्रिज, मशीन आणि एसी आला तर वीज कुठून आणायची, पाणी कुठून, आणि भंगाराचे काय? ज्या बेंगळुरूत एकेकाळी पंख्यावाचूनही चालत असे, तिथे एप्रिल २०२४ मध्ये पारा ३८.५ अंशांवर गेला. एसीची मागणी आता तिथेही वाढणार. ई-कचऱ्याचा प्रश्न या शहराने लवकर ओळखला. देशातला पहिला अधिकृत ई-कचरा पुनर्वापर उद्योग, ई-परिसर, २००५ मध्ये बेंगळुरूजवळ दाबसपेट इथे उभा राहिला. तरी जुन्या वस्तूंचा मोठा हिस्सा आजही भंगारवाल्यांच्या वाटेनेच जातो, जिथे तार जाळून तांबे काढणाऱ्याच्या फुप्फुसांचा हिशेब कोणी ठेवत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. ज्यांच्या घरात सगळे आहे त्यांनी, ज्यांच्या घरात काही नाही त्यांना संयम शिकवावा, हे न्याय्य नव्हे. मार्ग दुसरे आहेत. साधा पंखा पंचाहत्तर वॅटच्या आसपास वीज खातो, नव्या मोटरचा पंखा तीस वॅटच्या आत तेवढाच वारा देतो. उजाला योजनेत सरकारने घाऊक खरेदी केली तेव्हा तीनशे रुपयांच्या घरातला एलईडी दिवा दोन वर्षांत चाळीसच्या खाली आला. हेच पंख्याला आणि फ्रिजला लावता येते. कावेरीच्या सौम्य पाण्याला बहुतेक घरांत आरओ यंत्राची गरज नसते, आणि ते यंत्र शुद्ध करते त्याहून जास्त पाणी सोडून देऊ शकते; २०१९ मध्ये हरित लवादाने पाण्यातले क्षार लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या खाली असतील तिथे आरओला मनाई करावी असा आदेश दिला तो यामुळेच. नळाच्या पाण्यावर लोकांचा विश्वास बसेल अशी व्यवस्था केली तर एक यंत्र घरातून कमी होईल आणि सोय वाढेल. आणि शहराच्या एस. पी. रोडवर जुने संगणक उघडून, सुटे भाग जुळवून पुन्हा चालू करणारे कारागीर आहेत. त्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळण्याचा हक्क कायद्याने मिळाला तर वस्तूचे आयुष्य वाढेल.

तिसरा आक्षेप घरकामगार स्त्रियांचा विचार करणारा आहे: यंत्रे आली तर धुणी-भांडी करणाऱ्या बायांच्या पोटावर पाय येईल. बेंगळुरूतले चित्र सांगते की सुखवस्तू घरात यंत्र आणि बाई दोन्ही असतात. मशीन लावणे, कपडे वाळत घालणे, घड्या करणे हे तिचेच काम राहते. खरी विषमता दुसरीकडे आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या घरची यंत्रे चालवणारी स्त्री संध्याकाळी आपल्या घरी पोचते तेव्हा तिथे नळाला पाणी आलेले असेल की नाही याची खात्री नसते, आणि धुणे हातानेच व्हायचे असते. कर्नाटकाने २००४ मध्ये घरकामाला किमान वेतन लागू करून वाट दाखवली. तिच्या कामाचे रक्षण यंत्र अडवून होणार नाही, वेतन आणि सुट्टी पक्की करून होईल. आणि तिच्या स्वतःच्या घरातले कष्ट कमी होणे हा तिचाही हक्क आहे, हे या आक्षेपात विसरले जाते.

धोरण चांगल्या हेतूने आखूनही ही गुंतागुंत कशी निसटते, हे गृहज्योती योजनेत दिसते. जुलै २०२३ पासून कर्नाटकाने घरगुती ग्राहकांना दोनशे युनिटपर्यंत वीज मोफत दिली, भाडेकरूंनाही दिली, आणि लाखो कुटुंबांचे बिल शून्यावर आले. ही मोठी मदत आहे. पण प्रत्येकाची मर्यादा ठरली ती आदल्या वर्षाच्या सरासरी वापरावर, वर दहा टक्के धरून. ज्या घरात आधीच फ्रिज आणि मशीन होते त्याची सरासरी मोठी, म्हणून त्याला मोफत युनिटही जास्त. ज्या घरात दोन दिवे आणि एक पंखा होता, त्याला त्या मानाने थोडी. अशा घराने आता फ्रिज घ्यायचा ठरवला तर महिन्याला लागणारे वीस-तीस युनिट त्या दहा टक्क्यांत बसत नाहीत. पुढे २०२४ मध्ये सरकारने अगदी कमी वापराच्या घरांसाठी दहा टक्क्यांऐवजी दहा युनिटची सूट केली, म्हणजे अडचण त्यांच्याही लक्षात आली. तरी ती फ्रिजला पुरत नाही. कालच्या गरिबीच्या मापाने उद्याची सोय मोजली की असे होते.

मग करायचे काय? जनगणनेच्या यादीत फ्रिज, वॉशिंग मशीन आणि मिक्सर यांना जागा द्यावी, आणि त्यांच्या आकड्यांशेजारी घरात नळाला रोज पाणी येते का, वीज किती तास असते, घर स्वतःचे की भाड्याचे, हे आकडे एकत्र वाचून प्रसिद्ध करावेत. यांतले काही प्रश्न आजही विचारले जातात, पण त्यांची उत्तरे वेगवेगळ्या तक्त्यांत एकमेकांपासून दूर पडून राहतात. नव्या भाड्याच्या इमारतींना परवानगी देताना प्रत्येक बिऱ्हाडाला मशीनचा नळ, सांडपाण्याची वाट आणि सौरबंबाच्या गरम पाण्याची जोडणी सक्तीची करावी. २००७ मध्ये सौरबंबाची सक्ती जमली तर हीही जमेल. वीज सवलतीची मर्यादा गेल्या वर्षीच्या वापरावर न ठेवता प्रत्येक घराच्या किमान गरजेवर ठेवावी, आणि त्या गरजेत फ्रिज धरावा. पाण्याच्या वाहिन्यांवरचा खर्च हा घरगुती यंत्रांवरचाच खर्च आहे असे समजून नगरपालिकांच्या अंदाजपत्रकाकडे पाहावे. पुणे, ठाणे, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर यांनाही हे लागू आहे, कारण टँकरवर वाढणारी उपनगरे आणि एक-दोन किंवा अधिक दिवसांआड येणारे पाणी ही काही बेंगळुरूची मक्तेदारी नाही. यांतले एकच काम असे आहे की ज्याला ना निधी लागतो ना परवानगी: घरात आलेले यंत्र पुरुषांनीही चालवायचे, टब भरायचा, कपडे वाळत घालायचे, भांडी लावायची. २८९ आणि ८८ हे आकडे एकमेकांच्या जवळ आले, तरच पुढच्या वेळ-वापर पाहणीत आपल्याला म्हणता येईल की यंत्रांनी घर बदलले.